टेकडीचा चातुर्मास

आमच्या भागात डोंगर नाहीत असं जे म्हणतात, त्यांनी आमची टेकडी पाहिलेली नसते. आणि आहेत असं जे म्हणतात, ते आमच्या फिरायच्या मंडळाचे सभासद असतात. कारंज्याहून मंगरूळपीरच्या अंगाला जाताना ती लागते. सह्याद्रीतल्या माणसाला ती दाखवली तर तो शेताचा बांध जरा उंच झालाय एवढंच म्हणेल. पण पायथ्याच्या गावातून निघून माथा गाठेपर्यंत मला धाप लागते, म्हणून मी तिला टेकडी म्हणते. अर्ध्या वाटेवरून एक काळा उभा कातळ वर जातो, दोन मजली घराएवढा, थेट माथ्याच्या कडेपर्यंत. वाट त्याला वळसा घालून वर जाते. वर सपाट माळ, पावसाळ्यात कमरेइतकं गवत, आणि माळाच्या पार टोकाला एक चपटा दगड. तो माझा.

माझा म्हणजे सातबाऱ्यावर नाही. मी रंग आणि हार्डवेअरच्या दुकानदाराची बायको. घर जैनांचं आणि एकत्र, त्यामुळे पहाटे पाणी गाळण्यापासून ते सूर्य मावळायच्या आत शेवटचं ताट उचलण्यापर्यंत मी कोणाची तरी सून, कोणाची काकू, कोणाची आई असते. त्या दगडावर बसले की मी कोणाचीच कोणी नसते. समोर कापसाची शेतं, लांबवर शिरपूरकडे जाणारी एसटी, आणि हाक मारायला कोणी नाही. मला साखर निघाली आणि डॉक्टरांनी चढ चढायला सांगितलं तेव्हा घरात सगळ्यांना वाईट वाटलं. मला सोडून. एवढ्या वर्षांत बाहेर पडायला मिळालेलं ते पहिलं पक्कं कारण होतं.

मंडळाचं नाव शिखरवीर. सचिव खत-बियाण्यांच्या दुकानाचे मालक. मनानं वाईट नाहीत, पण माईक दिसला की हात आपोआप पुढे जातो. त्यांनी शहरातून घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणि घडी होणारी काठी मागवली होती. ती काठी टेकडीपेक्षा कचोरीच्या दुकानात जास्त उघडली जायची, कारण आमचं मंडळ चालायला कमी आणि चाललो हे कळवायला जास्त जमायचं. माथ्यावर पोचलं की सगळे गवतात पांगायचे. कोणी हात पसरून फोटो काढी, कोणी गवतातून पळत येण्याची रील करी, आणि पळताना पोट दिसलं म्हणून पुन्हा पळे. कोणाचा वाढदिवस असला की केक वर यायचा. केक खाली जायचा तो पोटातून, त्याचा खोका मात्र माळावरच मुक्काम करायचा.

टेकडीवर आमच्याशिवाय आणखी दोन प्रकारची माणसं यायची. एक, पायथ्याच्या गावातल्या बायका. त्या माळावर दगडावर दगड रचून छोटी घरं करायच्या. इथं दगडाचं घर रचलं की आपलं खरं घर होतं अशी त्यांची समजूत. त्यांच्यातली एक म्हातारी माझ्या ओळखीची झाली होती. कुडाच्या खोपटात राहायची. सरकारी घरकुलात तिचं नाव दरवर्षी येता येता राहायचं, आणि ते राहिलं की ती दगडाच्या घरावर आणखी एक मजला चढवायची. दुसरी, अकोल्याची पोरं. रविवारी दोर, कड्या आणि डोक्यावर टोप घेऊन ती कातळावर चढायची. त्यांच्यात एक चपळ मुलगी होती; माझ्या दगडापाशी तिच्याशी दोन-तीनदा गप्पा झाल्या होत्या आणि तिचा नंबर माझ्याकडे होता. ती सरळ उभ्या दगडावर पालीसारखी चढताना पाहून आमच्यातले कित्येकजण तोंडातलं चावायचं विसरायचे.

सचिवांना या दोन्ही प्रकारांचा राग. बायका दगड हलवतात, पोरं कातळाला खिळे ठोकतात, निसर्गाची नासाडी होते, असं ते हातात केकची सुरी घेऊन सांगायचे. मला तेव्हाच कळलं होतं की निसर्गाला धोका नेहमी दुसऱ्याच्या पायांचा असतो. आपल्या पायांचा फक्त व्यायाम होतो.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी वनरक्षक मंडळाला भेटायला आला. बिचारा सरळ माणूस. त्याच्या मोबाइलवर एक फोटो होता, गवतातून उंच उडी मारणारा एक काळा-पांढरा पक्षी. तणमोर, तो म्हणाला. कोंबडीएवढा, लाजरा, पावसाळ्यात गवतात जमिनीवरच अंडी घालणारा. आमच्या माळावर मागच्या पावसाळ्यात कोणालातरी दिसला होता. वनरक्षकाला स्वतःला अजून दिसला नव्हता, आणि हे त्यानं मान खाली घालून कबूल केलं. सोबत तितर, चंडोल, टिटवी होतेच. पाऊस लागल्यापासून दिवाळीपर्यंत माळाच्या तोंडाशी थांबायचं, गवतात शिरायचं नाही, एवढंच त्याचं मागणं होतं.

“ह्या पावसाळ्यात गवतात पाय दिसले, तं साहेब पुऱ्या टेकडीले तार मारून राह्यले,” तो म्हणाला. “मंग तुमीबी नाई अन् कोणीच नाई.”

तार मारणं म्हणजे चारी बाजूंनी कुंपण. तार म्हणजे टेकडी गेली, आणि टेकडी गेली म्हणजे मी पुन्हा चोवीस तास कोणाची तरी कोणी.

सचिवांनी मात्र लगेच सभा बोलावली. सभेत त्यांचं म्हणणं दोन भागांत होतं. पहिला भाग : टेकडी काय कोणाच्या बापाची नाही, तिथं जाणं आमचा हक्क आहे. दुसरा भाग : टेकडी वाचवायची तर बकऱ्या, बायका आणि अकोल्याची पोरं यांना बंदी घाला. वर त्यांनी माळावर झाडं लावायचा ठराव मांडला. वनरक्षक म्हणाला, या पाखराला गवतच लागतं, झाडं लावली तर ते येणारच नाही. सचिव हिरमुसले, कारण वृक्षारोपणाचं बॅनर छापून आलं होतं.

मी घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या माळ ओढत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की महाराज पावसाळ्यात कायले थांबतात. आता हे त्या घरातल्या सुनेला विचारायची गोष्ट नव्हती. दर वर्षी चातुर्मासात मुनी एका गावात थांबतात, कारण पाऊस पडला की जमिनीवर जीवजंतू वाढतात आणि चालणाऱ्याच्या पायाखाली ते मरतात. आम्ही त्यांच्या दर्शनाला जातो, त्यांच्या त्यागाला नमस्कार करतो, आणि मग बूट घालून गवतात रील काढायला जातो. माझ्या मंडळातले निम्मे लोक अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी तोंडात घालत नाहीत. तीच भाजी पायाखाली आली तर त्यांना चालत होती.

तेव्हा मी सभेत सांगितलं की टेकडीलाही चातुर्मास पाळू द्या, माळाच्या तोंडापर्यंत जाऊ, तिथून परत फिरू. बोलताना माझा दगड डोळ्यासमोर होता आणि मला फार जड गेलं. पण चार महिने आणि कायमचं यातलं चार महिने कोणीही निवडेल. अकोल्याच्या मुलीला फोनवर कळवलं तर ती म्हणाली की ते लोक पावसाळ्यात तसेही येत नाहीत. कातळ निसरडा असतो, आणि त्याच्या खबदाडीत शिंगवालं घुबड बसतं, त्याची हिवाळ्यातली पिल्लं उडेपर्यंतही त्यांच्या दोराला सुटी असते. हे मी सचिवांना सांगितलं. ते म्हणाले, बाहेरची माणसं आहेत, त्यांचं काय सांगावं.

आता वाट आणि माळाची हद्द दाखवायला खुणा हव्या होत्या. पाट्या लावल्या तर लोक पाट्यांवर नावं लिहितात. म्हणून ठरलं की वाटेच्या कडेचे दगड रंगवायचे, आणि माळाच्या तोंडाशी दगडांची एक ओळ लावून तीही रंगवायची. पांढरा चुना पहिल्या पावसात धुऊन जातो. आमच्या दुकानात शेंदरी ऑइलपेंटचा एक डबा पडून होता, कोणीतरी फाटकासाठी मागवून नेला नव्हता. यांनी तो फुकट दिला.

“झाकण घट्ट लावजो,” एवढंच ते म्हणाले, “नाई तं रंग वाळते.”

आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. आमच्या कोणाच्याही आलं नाही. सगळे वऱ्हाडात जन्मलेले, प्रत्येक वेशीवर, प्रत्येक विहिरीपाशी, प्रत्येक बाभळीखाली शेंदूर फासलेला दगड पाहत मोठे झालेले. शिवाय एक मंडळाचा सचिव, एक रंगाचा व्यापारी, एक वनरक्षक. आणि आम्ही टेकडीवर शेंदरी दगडांची रांग लावत होतो. म्हणजे, मी लावत होते. पुरुष मंडळींकडे सूचना होत्या, माझ्याकडे ब्रश होता. माळाच्या तोंडाशी मधोमध एक मोठा गोल दगड होता, त्याला मी जास्तीचा एक हात दिला, लांबून दिसावा म्हणून.

पहिले काही दिवस खुणांचा काहीही उपयोग झाला नाही. दुसऱ्याच सकाळी सचिव स्वतः ओळ ओलांडून गवतात गेले आणि तिथून त्यांनी निसर्ग वाचवा असा व्हिडिओ पाठवला. मी वनरक्षकाचा चेहरा पाहिला. तारेचं बंडल त्याच्या डोळ्यात दिसत होतं.

मग श्रावण लागला. एका सोमवारी मी वर गेले तर मोठ्या दगडावर झेंडूचं फूल. पुढच्या वेळी हार. त्याच्या पुढच्या वेळी फोडलेला नारळ, उदबत्तीच्या काड्या, आणि दगडाला कोणीतरी दोन चांदीचे डोळे चिकटवलेले. चुकून ते जरा तिरपे बसले होते, त्यामुळे देव डावीकडे पाहत होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती असं म्हणतात. मी तर करायला गेले होते हद्दीची खूण.

गावातल्या बायकांनी त्या दगडाला टेकडीमाय म्हणायला सुरुवात केली. म्हातारीनं मला सांगितलं की ही आधीपासूनच होती, फक्त आता प्रकट झाली. मी म्हटलं, मीच रंगवली. ती माझ्याकडे कीव येऊन पाहू लागली. तिच्या मते मायनं रंगवून घेतलं होतं, आणि मी त्यात निव्वळ ब्रश होते. मानला तर देव, नाही तर दगड, आणि त्या दगडाला मानणारे रोज वाढत होते.

पण एक गोष्ट मात्र खरी होती. त्या दिवसापासून माळावर एक पाय पडला नाही. देवाला कोण ओलांडणार? बायका मोठ्या दगडापाशी थांबायच्या, पाया पडायच्या आणि परत फिरायच्या. रीलवाले सुद्धा ओळीच्या अलीकडे उभे राहून हात जोडून रील काढू लागले. वनरक्षकाच्या सूचनेनं, माझ्या भाषणानं, सचिवांच्या ठरावानं जे झालं नाही ते दुकानात पडून असलेल्या डब्यानं केलं. भाद्रपदात एका सकाळी वनरक्षक माझ्याजवळ हळूच येऊन म्हणाला की त्याला तणमोर दिसला. स्वतःच्या डोळ्यांनी, गवतातून वर उसळताना, एकदा, मग पुन्हा. सांगताना त्यानं हातानंच ती उडी करून दाखवली. मला हायसं वाटलं, कारण तार आता येणार नव्हती.

सचिवांनाही आनंद झाला. सगळ्यात जास्त त्यांनाच झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसे ते त्या दगडापाशी येऊन बसले. शिखरवीर मंडळाची संस्थान समिती झाली. वृक्षारोपणाचं बॅनर उलटं करून त्यावर मागच्या बाजूला नवीन मजकूर रंगवला. ओटा झाला, त्यावर टाइल्स आल्या, पत्र्याचं शेड आलं, भोंगा आला. कातळावरच्या घुबडानं भोंग्याबद्दल काय म्हटलं ते कळलं नाही. ते दिसेनासंच झालं. वनरक्षकानं हात जोडून भोंगा बंद करायला लावला, तेवढं मात्र त्यांनी ऐकलं.

मग प्रश्न आला की हा देव कोण. बायकांनी माय म्हटलं होतं. समितीनं बैठक घेतली आणि शेंदूर पाहून निकाल दिला की हा मारुती. आणि मारुती ठरला की त्याच्यामागोमाग नियम आला. ओळीच्या पलीकडे देवाचं ठाणं, तिथं बायकांनी जायचं नाही.

पावसाळाभर मला यात फारसं वावगं वाटलं नाही, कारण तेव्हा कोणीच जायचं नव्हतं. आपल्याला जे तसंही करायचं नाही त्याची बंदी फार बोचत नाही. मी गेले की ओळीपाशी थांबायची, गवताच्या पलीकडे माझ्या दगडाच्या दिशेनं पाहायची आणि दिवाळी मोजायची.

दिवाळी झाली. गवत पिवळं पडून वाकलं. वनरक्षकानं निरोप दिला की पिल्लं निघून गेली, माळ मोकळा आहे, आता खुशाल जा, फक्त कचरा करू नका. त्या रविवारी मी एवढ्या घाईनं चढले की धाप लागली ते कळलंच नाही. ओळीपाशी पोचले तर मंडळातले पुरुष माळावर पांगलेले होते. कोणी पाय पसरून, कोणी पाठीवर. एक जण माझ्या दगडावर बसून केळं सोलत होता. अलीकडे शेडखाली गावातल्या बायका ताटं घेऊन बसल्या होत्या, त्यात म्हातारीही होती. मी ओळीकडे पाऊल टाकलं आणि सचिव समोर आले, कपाळाला शेंदूर, पायात तेच घोट्याच्या वरचे बूट.

“वहिनी, बायायनं पलीकडं जायाचं नसते,” ते म्हणाले. “मारुतीचं ठाणं हाय.”

मी त्यांना सांगितलं की बंदी पाखरांसाठी होती, पाखरं गेली, बंदी संपली. ते म्हणाले, पाखरांचं संपलं असेल, देवाचं संपत नसते. मी म्हटलं, हा देव मी रंगवलाय, आणि डबा अजून माझ्या घरी आहे, झाकण घट्ट लावलेला.

“म्हणूनच तं पयल्या आरतीचा मान तुमचा,” ते म्हणाले, अगदी प्रेमानं. “आमी काय तुमाले विसरलो नाई. पण पलीकडं नाई.”

रागानं माझे कान गरम झाले. मला रडू आलं असतं तरी चाललं असतं, पण ते आलं नाही. मी विचार करत होते की तार लागली असती तर निदान सगळ्यांना लागली असती. पाखरांना वाचवायला ओढलेली रेघ पाखरं गेल्यावर फक्त बायांसाठी उरली होती, आणि ती माझ्या हातानं ओढलेली होती, दोन हात देऊन, लांबून दिसावी म्हणून.

तेवढ्यात माळाच्या कडेला, जिथं कातळ संपतो तिथं, एक लाल टोप वर आला. मग दोन हात, मग एक गुडघा. अकोल्याची मुलगी सरळ कातळावरून चढून माळावर उभी राहिली. देवाच्या पाठीमागून. दोर सैल करत तिनं इकडे पाहिलं, मला ओळखलं आणि हात हलवला.

“काकू, या ना इकडं,” ती ओरडली. “दगड मोकळा करून देतो तुमचा.”

केळंवाला दगडावरून उठला. शेडखालच्या बायका ताटं हातात धरून तिच्याकडे पाहत राहिल्या. सचिवांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा देवाकडे. देव नेहमीप्रमाणे डावीकडे पाहत होता. बाई वरून येऊ शकते याचा विचार समितीनं केलेला नव्हता. नियम फक्त वाटेवर होता, कातळावर नव्हता.

मी चपला काढल्या, कारण दगड मी रंगवलेला असला तरी हार दुसऱ्या कोणाचा तरी होता आणि तो मनापासून घातलेला होता. मग मी ओळ ओलांडली. सचिव बाजूला झाले. त्यांनी मला हात लावून अडवणं शक्य नव्हतं, आणि पलीकडे एक बाई आधीच उभी होती. गवत टाचांना टोचत होतं. मी माझ्या दगडापर्यंत गेले, बसले, शेतांकडे पाहिलं. एसटी चालली होती. पोरीनं मला पाणी दिलं आणि तिच्या दोराकडे परत गेली. मला फार बरं वाटलं, इतकं की थोडा वेळ मी नुसतीच बसून राहिले.

मग मी परत फिरले. ओळीच्या त्या बाजूला, शेडपाशी, म्हातारी उभी होती, काठीवर दोन्ही हात ठेवून. तिच्या मागे बाकीच्या बायका.

“बोलावनं आलं का वो तुमाले?” तिनं विचारलं.

मी आयुष्यात देवाच्या नावानं कधी काही सांगितलेलं नाही. आमच्याकडे देव असा बोलावत नाही, आणि मी कोणाच्या अंगात येणारी बाई नाही. पण माझ्यासमोर ती म्हातारी होती, तिच्यामागे त्या सगळ्या, आणि बाजूला तोंड उघडायच्या तयारीत असलेले सचिव. ते काय सांगतील ते मला माहीत होतं. त्यांच्याआधी मी बोलले.

“आलं,” मी म्हटलं. “सगळ्या बायायलेच आलं. पण पावसाचं पाणी लागलं का या गवतात कोणीच यायचं नाई. बायायनं नाई, अन् गड्यायनंबी नाई.”

म्हातारीनं मान हलवली, जणू हे तिला आधीच ठाऊक होतं. ती सचिवांकडे वळून म्हणाली, “आयकलं का, भाऊ?” सचिवांनी हात जोडले. माझ्याकडे पाहून की दगडाकडे पाहून ते मला नीट दिसलं नाही.

बायकांनी चपला काढल्या आणि एकेक करून ओळीवरून माळावर आल्या, लुगड्याचा काठ उचलून, व्हरांड्याची पायरी चढावी तशा. म्हातारी माझ्या दगडाकडे नाही गेली. ती सरळ गवतात एका ठिकाणी गेली, जिथं उन्हाळ्यात तिनं दगडांचं घर रचलं होतं. ते जसंच्या तसं उभं होतं, मजल्यावर मजला, कारण चार महिने तिथं कोणी फिरकलंच नव्हतं. ती वाकली आणि मला हाक मारली. घराच्या आडोशाला गवत दाबून केलेला एक खळगा होता, त्यात अंड्याची कवचं आणि तितराची दोन-तीन पिसं.

“हे पाहा,” ती म्हणाली. “माह्यं घरकुल पास नाई झालं. तितराचं झालं.”

मला वाटलं ती हसेल, किंवा चिडेल. तिनं खळग्यावर वाकलेलं गवत हातानं नीट केलं.

“राहू द्या त्याले,” ती मग म्हणाली. “पान्यापावसाचं आपून नाई येत इकडं.”

जाताना सवयीनं तिनं घरावर चढवायला एक दगड उचलला. त्याच्याखालून एक छोटा सरडा बाहेर आला आणि थांबला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, दगड हातात तोलला, आणि होता तिथंच हळूच परत ठेवला.